बेस लावला की घुं येते: कुठून येते, कशी शोधायची आणि कुठे थांबायचं

सोलापुरात आणि आसपासच्या गावांत ऑर्केस्ट्राबरोबर बेस गिटार वाजवायला लागून मला चौदा वर्षं झाली. दिवसा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, कार्यक्रम असला की संध्याकाळी गिटार पाठीवर. गणपती, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, लग्नाची रिसेप्शनं, निवृत्तीचे समारंभ, सगळीकडे वाजवलंय आणि सगळीकडे एकच दुखणं पुन्हा पुन्हा भेटलंय. पिन लावली की स्पीकरमधून घुं सुरू होते. नाहीतर वाजवता वाजवता खरखर येते, नाहीतर आवाज मधेच गायब होतो.

पहिली दोन-तीन वर्षं मी प्रत्येक वेळी गिटारलाच दोष दिला. दिवाळीच्या बोनसमधून गिटारला नवीन पिकअप, म्हणजे तारांखालचा आवाज पकडणारा भाग, बसवून घेतला. घुं तशीच. शेवटी केबलच्या पिनचं झाकण उघडून पाहिलं तर आतली जाळीची तार सुटलेली. पिकअपचे पैसे गेले ते गेलेच. आता गावातली नवी पोरं फोन करतात, "दादा, घुं येलालंय, काय करू?" त्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितोय. क्रम मुद्दाम फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीपर्यंत ठेवलाय. तो मोडू नका. स्क्रू ड्रायव्हर घेऊन आधी गिटार उघडायची घाई होते, आणि तिथे हात घालायची वेळ सहसा येतच नाही.

लक्षणं

जाड, सलग घुं. ही विजेची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि बेसच्या ई (E) तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे गळ्यावरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीला, जो जी (G) सूर वाजतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे घुं हा जवळजवळ जी सूरच आहे, किंचित चढा. ओळखायची खूण अशी: तो जी वाजवून लांब धरा. मागे घुं असेल तर सूर सेकंदाला साधारण एकदा फुगतो आणि बसतो, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. जी स्केलच्या गाण्यात ही घुं लपून बसते आणि गाणं संपून निवेदकानं माइक हातात घेतला की उघडी पडते. म्हणूनच साउंड चेकला ती पुष्कळदा निसटते.

पातळ, टोचणारी भणभण. १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या पटींतला आवाज, माशी कानाशी घोंगावल्यासारखा. गिटार घेऊन वळलं की कमीजास्त होतो. लाइट मंद-प्रखर झाले की आवाज बदलतो.

खरखर, कडकड, आवाज येणं-जाणं. हललं की येतं, स्थिर उभं राहिलं की जातं.

फाटका, दबलेला आवाज. जोरात वाजवलं की चिरकतो, हळू वाजवलं की ठीक. हळूहळू वाढत जातो आणि मग आवाज बंदच.

थांबून थांबून येणारी टर्र-टर्र. खिशातला मोबाइल. अँपवर, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीवर, ठेवलेलाही तेवढाच त्रास देतो.

झिणझिण्या. तारांवर हात ठेवून माइकला ओठ लागला की चटका बसतो, किंवा तार आणि अँपचं पत्र्याचं अंग एकदम धरलं की बोटांत मुंग्या येतात. हे लक्षण असेल तर खालचं काहीही करू नका. गिटार गळ्यातून काढा, अँपला हात न लावता बाजूला व्हा, मंडपवाल्यांना लाइन बंद करायला सांगा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

आधी बाजू ठरवा

एक पैसाही न लागणारी आणि सगळ्यात जास्त कामाची चाचणी हीच. घुं चालू असताना गिटारवरचे सगळे व्हॉल्यूम शून्यावर आणा. घुं गेली तर ती पिकअपमधून किंवा गिटारच्या आतून येतेय. राहिली तर गिटारच्या पुढे आहे, म्हणजे जॅक (गिटारवरचं पिन घालायचं भोक), केबल, अँप किंवा वीज. मग अँपचा आवाज कमी करा, केबलची पिन अँपमधून काढा आणि आवाज पुन्हा हळूहळू वाढवा. आता घुं गेली तर केबल किंवा जॅक. अजूनही आहे तर अँप किंवा वीज.

पिन काढण्याआधी आवाज कमी करायला विसरू नका. चालू अँपमधून पिन ओढली की जो धाडकन आवाज होतो तो स्पीकरच्या कॉइलला सहन करावा लागतो. बेसचे स्पीकर महाग आहेत.

असं का करायचं? तारेपासून स्पीकरपर्यंत सात-आठ जोड असतात: पिकअप, नॉब, जॅक, पिन, केबल, परत पिन, अँप, विजेचा बोर्ड. दोष कुठल्या टप्प्यात आहे ते माहीत नसताना एक एक जोड तपासत बसलं तर रात्र संपते. वरच्या दोन कृतींनी निम्मेअधिक जोड यादीतून उडतात.

जागा, खिसा, लाइट

व्हॉल्यूम शून्य केल्यावर घुं गेली असेल तर पहिल्यांदा जागेवरच स्वतःभोवती हळू फिरा. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते. पण त्या वेढ्यांना गिटारची तार कोणती आणि अँपच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व कोणतं ते कळत नाही, दोन्ही पकडतात. म्हणून दिशा बदलली की घुं बदलते. अँपला चिकटून उभे असाल तर दोन मीटर लांब सरका. स्टेज लहान असतो हे मलाही माहीत आहे, ऑक्टोपॅडवाला आणि ढोलकीवाला दोघंही सरकायला तयार नसतात, तरी अर्ध्या मीटरनंही फरक पडतो.

दोन सरळ पट्ट्यांचे पिकअप असलेली गिटार, म्हणजे १९६० साली आलेल्या जॅझ बेसच्या घाटाची, असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. तिचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात. दोन्ही सारखे उघडले की तारेचा आवाज जुळतो आणि घुं एकमेकींना खाऊन टाकते. एक जरा कमी केला की घुं परत. हा दोष नव्हे, ती रचनाच तशी आहे. गोड आवाजासाठी एकच पिकअप वापरायचा असेल तर थोडी घुं पत्करावी लागते. प्रिसिजन बेसचं वेगळं. १९५१ ला ती एका साध्या पिकअपची होती, १९५७ पासून पिकअपचे दोन तुकडे झाले आणि ते दोन तुकडे आपसातच घुं मारतात. तशा गिटारवर घुं येत असेल तर पिकअपवर वेळ घालवू नका, केबल आणि अर्थिंग बघा.

मग लाइट. लाइटवाल्या पोराला नीट विनंती करून एक एक ओळ दोन-दोन सेकंद बंद करायला सांगा. डिमरवर चालणारे लाइट मंद करताना वीज प्रत्येक लाटेत कापली जाते, आणि त्या कापाकापीतून भणभण उठते. स्टेजवरच्या स्वस्त एलईडी पार लाइटच्या आतले वीजपुरवठेही तेच करतात. कोणत्या ओळीमुळे होतंय ते सापडलं की त्या ओळीची वायर आणि तुमची केबल एकमेकींपासून लांब करा. शेजारी शेजारी समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, म्हणजे एकीचं दुसरीत कमीत कमी उतरतं.

आमची तालीम अशोक चौकाच्या पलीकडे एका बंद पडलेल्या मागाच्या शेडच्या माडीवर चालते. शेजारची शेड चालू आहे. तिथले माग सुरू झाले की अँपमध्ये करकर चढते आणि जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की स्वच्छ शांतता. मोटारी आणि आपण एकाच लाइनवर. तिथे गिटारमध्ये दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही हे कळायला मला दोन महिने लागले. त्या खोलीचा आणखी एक धडा: सुताचा कण हवेत सतत असतो. तो अँपच्या पंख्यात आणि जॅकच्या भोकांत जाऊन बसतो. अँपवर जुनी चादर टाकून ठेवतो आम्ही, वाजवताना मात्र ती पूर्ण काढायची, नाहीतर अँप तापतो.

नऊ व्होल्टची बॅटरी

फाटक्या आवाजाचं लक्षण असेल आणि गिटार अ‍ॅक्टिव्ह असेल, म्हणजे मागे बॅटरीचं झाकण असेल, तर दुसरं काही बघण्याआधी बॅटरी बदला. नवी अल्कलाइन बॅटरी मल्टिमीटरवर (वीज मोजायच्या छोट्या यंत्रावर) ९ च्या थोडी वर दाखवते. ८ च्या खाली आली की मी ती कार्यक्रमाला नेत नाही.

बॅटरी संपण्याचं मुख्य कारण वाजवणं नसतंच. पिन गिटारमध्ये राहून जाते. या गिटारींना वेगळं बटण नसतं, पिन आत गेली की तीच सर्किट चालू करते. तालमीनंतर पिन तशीच ठेवून गिटार स्टँडवर राहिली की बॅटरी रात्रंदिवस जळते. घरी आलात की पहिली पिन काढा.

एकदा बार्शीत रिसेप्शनला तिसऱ्या गाण्यात माझा आवाज चिरकायला लागला. सुटी बॅटरी नव्हती, रात्रीचे दहा वाजलेले, दुकानं बंद. बॅगेत मल्टिमीटर होता. त्याच्या पोटात तीच चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती काढून गिटारमध्ये घातली आणि कार्यक्रम पूर्ण झाला. तेव्हापासून एक सुटी बॅटरी बॅगेत, टोकांवर चिकटपट्टी लावून. टोकं उघडी ठेवली तर चिल्लर किंवा किल्ल्या लागून शॉर्ट होते.

केबल

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेकांचं दुखणं इथेच सापडतं.

पहिली गोष्ट, दुसरी चालू केबल लावून बघा. स्वतःच्या केबलकडे बघत बसण्यापेक्षा कीबोर्डवाल्याची केबल एक मिनिट मागा. बदलून घुं किंवा खरखर गेली तर विषय संपला, कार्यक्रम त्याच केबलवर करा आणि आपली घरी नेऊन उघडा.

दुसरी, ती केबल गिटारचीच आहे ना ते बघा. साउंडवाल्यांच्या पेटीत पी-३८ पिना, म्हणजे गिटारच्या केबलला असतात तशाच पिना, लावलेल्या स्पीकरच्या केबलीही असतात. बाहेरून दोन्ही सारख्याच. गिटारच्या केबलमध्ये मधल्या तारेभोवती तांब्याची जाळी असते, ती बाहेरची घुं आतल्या तारेपर्यंत पोचू देत नाही. स्पीकरच्या केबलमध्ये नुसत्या दोन जाड तारा, जाळी नाही. ती गिटारला लावली की अख्खी केबल अँटेना होते. पिनचं झाकण फिरवून आत बघितलं की लगेच कळतं.

तिसरी, मल्टिमीटर. तीनशे ते पाचशे रुपयांत साधा मिळतो, आणि माझ्या मते बेसवाल्यानं इफेक्ट पेडल घेण्याआधी तो घ्यावा. बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवा. दोन्ही पिनांच्या टोकांना लावला की बीप वाजली पाहिजे. दोन्ही पिनांच्या मागच्या नळीला लावला की बीप वाजली पाहिजे. एकाच पिनच्या टोकाला आणि नळीला लावला तर वाजता कामा नये. वाजली तर आत शॉर्ट आहे. बीप वाजत असताना केबल दोन्ही टोकांपाशी वाकवून बघा. नुसती टेबलावर ठेवून तपासली तर केबल शहाण्यासारखी वागते, स्टेजवर हलली की खरं रूप दाखवते. वाकवताना बीप तुटली तर जागा सापडली.

तुटते ती जवळजवळ नेहमी पिनपासून दोन-तीन बोटांच्या आत. कारण वाजवताना सगळा ताण तिथे येतो. मी पिन उघडली तेव्हा आतलं दृश्य असं होतं: जाळीच्या तारा पिळून एक शेंडी केलेली, तिच्यावर कथलाचा एक फुगीर, मळकट गोळा. वरून डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, पक्का दिसत होता. नखानं ढकलला तर शेंडी गोळ्यातून अलगद बाहेर आली. तार पुरेशी तापलीच नव्हती, कथील नुसतं वर बसलं होतं. चांगला डाग चकचकीत आणि पसरट असतो, तारेवर ओल्या पाण्यासारखा चढलेला.

सोल्डर करणार असाल तर २५ ते ३० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री पुरते. खराब झालेला भाग सरळ कापून टाका, तीन-चार बोटं केबल कमी झाली तर काही बिघडत नाही. झाकण आधी केबलमध्ये ओवा, मग डाग द्या. हे उलटं केलं की डाग पुन्हा सोडावा लागतो. आधी जोड तापवा, मग कथील जोडाला लावा, इस्त्रीच्या टोकाला नव्हे. टोकाची तार आणि जाळी एकमेकींना शिवत नाहीत याची खात्री करा, जाळीचा एक केसही पलीकडे गेला तर आवाज बंद. आणि पिनमधली ती पत्र्याची पकड केबलच्या बाहेरच्या रबरावर घट्ट दाबा. ताण तिने घ्यायचा असतो, डागाने नाही.

वाजवताना केबल गिटारच्या पट्ट्यातून मागून घेऊन मग जॅकला लावा. कुणाचा पाय पडला तर ओढ पट्ट्याला बसते. गुंडाळताना कोपर आणि अंगठ्यात पिळून गुंडाळू नका, आतली जाळी पिरगळते.

जॅकचा नट

केबल चांगली निघाली आणि हलवल्यावर खरखर आहे, तर गिटारचा जॅक बोटांनी हलवून बघा. गोल फिरतो? नट ढिला झालाय. हाताने घट्ट करू नका, पान्याने करताना आतला जॅक सोबत फिरू देऊ नका. तो फिरला की त्याला लागलेल्या बारीक तारा पिळतात आणि तुटतात. बाहेरून धरता येत नसेल तर मागची किंवा बाजूची पट्टी उघडा, आतून जॅक धरा आणि मग नट आवळा. एवढी दोन मिनिटांची काळजी घेतली नाही म्हणून आमच्या कीबोर्डवाल्याच्या पुतण्याच्या नव्याकोऱ्या गिटारची तार तुटली, ऐन गणपतीत.

पिन सैल बसत असेल तर आतली वाकडी पट्टी थोडी आत दाबावी लागते. आणि पिनवर हिरवट-काळा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघतो. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लिनरचा एक फवारा नॉबच्या आतल्या फटीत, मग वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. खोबरेल, मशिनचं तेल यातलं काही घालू नका, धूळ आणि सूत धरून ठेवतं.

वीज

केबल काढूनही घुं राहिली, किंवा अँप एकटा गप्प असतो पण साउंडवाल्यांच्या मिक्सरला लाइन दिली की घुं येते, तर विजेकडे वळा.

दुसऱ्या प्रकारातलं कारण बहुतेक वेळा एकच. तुमचा अँप स्टेजवरच्या बोर्डवर, मिक्सर समोर पन्नास-साठ फुटांवर दुसऱ्या बोर्डवर. दोघांना आपापलं अर्थिंग. मधून तुम्ही एक केबल जोडली की दोन अर्थिंगांचा एक मोठा वेटोळा तयार होतो, आणि त्या वेटोळ्यातून थोडी वीज फिरते. तीच घुं. साउंडवाल्यांना सांगा, "अण्णा, बेसची लाइन एक मिनिट काढा बरं." काढल्यावर घुं गेली तर हाच वेटोळा आहे. उपाय दोन. शक्य असेल तर अँप आणि मिक्सरला एकाच मुख्य बोर्डावरून वीज घ्या. नाहीतर डीआय बॉक्सवरचं (गिटारची लाइन मिक्सरला द्यायच्या डबीवरचं) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. त्यानं फक्त आवाजाच्या केबलमधल्या जाळीचा जोड सुटतो, तुमच्या अँपचं अर्थिंग जागेवर राहतं.

आता एक कळकळीची गोष्ट. अँपच्या थ्री-पिनमधली जाड पिन तोडून किंवा टू-पिन अ‍ॅडॉप्टर लावून घुं घालवणारे लोक मी पाहिलेत. घुं जाते हे खरं आहे. पण ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. अँपच्या आत कधी फेजची तार सुटून पत्र्याला लागली तर वीज त्या वाटेनं जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ती वाट तोडली की २३० व्होल्ट अँपच्या अंगावर येतात, तिथून केबलच्या जाळीतून तुमच्या तारांवर, आणि उरलेली वाट तुमच्यातून. दुसरा हात माइकवर असेल तर छातीतून. पिन तोडलेला अँप कुणी दिला तर मी वाजवत नाही. सरळ डीआयमधून मिक्सरला लाइन देतो, अँप बाजूला.

मंडपात बोर्ड बघूनच पिन लावा. वायरची सोललेली टोकं थेट सॉकेटमध्ये खुपसून वर आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या मी अनेकदा पाहिल्यात. दोनच तारा असतात त्यात, अर्थिंग नसतंच. आणि काडी सैल झाली की ठिणग्या, त्यातून कडकड आवाज थेट स्पीकरमध्ये. मंडपवाल्यांशी भांडू नका, ती पोरं सकाळपासून उन्हात राबलेली असतात. "मामा, साउंडला तीन तारांचा एक बोर्ड वेगळा द्या की" म्हणालं की बहुतेक वेळा देतात. मी स्वतःचा पक्क्या थ्री-पिनचा, दहा मीटर वायरचा बोर्ड घेऊन जातो, पण मागच्या सॉकेटलाच अर्थिंग नसेल तर माझ्या बोर्डाचा काही उपयोग नाही, हेही लक्षात ठेवा.

शेतातल्या कार्यक्रमांत हा प्रश्न सगळ्यात वाईट. डिसेंबर-जानेवारीत हुरडा पार्ट्यांना आम्हाला बोलावतात. वीज जनरेटरची. जनरेटरचं अर्थिंग म्हणजे जमिनीत ठोकलेली सळई, आणि आपली काळी जमीन वाळली की तिला भेगा पडतात, सळई मातीपासून सुटी होते. कोरडी माती वीज नीट वाहूनही नेत नाही. एका शेतात घुं इतकी होती की कीबोर्डही ऐकू येईना. जनरेटरवाल्या दादांनी जनरेटर बंद केला, सळई भेगेतून काढून दुसऱ्या जागी खोल ठोकली, भोवती दोन बादल्या पाणी ओतलं, मग चालू केला. घुं निम्म्याहून कमी झाली. सळईला हात जनरेटरवाल्यांनीच लावायचा, जनरेटर बंद करून. आपण फक्त सांगायचं.

गिटारच्या आत

इतकं सगळं करून दोष गिटारमध्येच ठरला, तर आता उघडा. त्याआधी एक चाचणी. घुं चालू असताना तारांवर हात ठेवा. घुं कमी झाली तर तारांचं अर्थिंग शाबूत आहे, गिटारला आतून घुं अडवणारं धातूचं आवरण कमी आहे इतकंच. तारांना हात लावून फरक नाही, पण पिनच्या धातूला बोट लावल्यावर कमी होते, तर ब्रिजखाली (तारा जिथे अडकवतात त्या पत्र्याखाली) जाणारी अर्थिंगची तार तुटली किंवा सुटली आहे. हात लावल्यावर उलट वाढत असेल तर कुठेतरी टोकाची आणि जाळीची तार अदलाबदल झाली आहे. नुकतीच कुणी पिन बदलली असेल तर आधी तीच बघा.

ब्रिजची तार सुटलेली असेल तर ब्रिजचे स्क्रू काढून खाली बघा. बहुतेक गिटारींत ती तार नुसती ब्रिजच्या पत्र्याखाली दाबलेली असते, सोल्डर केलेली नसते. टोक स्वच्छ करून पुन्हा पसरून दाबलं तरी चालतं. मग मल्टिमीटरनं गिटारची वाजवायची तार आणि जॅकची नळी यांच्यात बीप बघा.

आवरण कमी असेल तर खाचेला आतून तांब्याची चिकटपट्टी लावतात. तुकडे एकमेकांना आणि अर्थिंगला जोडलेले हवेत, सुटा राहिलेला तुकडा काही काम करत नाही. आणि जॅकचं टोक त्या पट्टीला शिवता कामा नये. हे एका रविवारचं काम आहे, कार्यक्रमाच्या दिवशी सुरू करू नका. सुरू करण्याआधी आतल्या सगळ्या तारांचा मोबाइलवर फोटो काढा.

इथे थांबा

झिणझिण्या किंवा चटका बसला तर. तो थोडाच होता, आता बसत नाही, असं म्हणून वाजवायला लागू नका. लायसनवाल्या इलेक्ट्रिशियननं फेज, न्यूट्रल आणि अर्थ मीटरनं तपासल्याशिवाय स्टेजवर परत जायचं नाही. भाद्रपदात पाऊस पडून गेल्यावर स्टेजची फळी ओली असते, अनवाणी पाय असतात, तेव्हा तर अजिबात नाही. असा कार्यक्रम मी एकदा थांबवलाय. मंडळाचे कार्यकर्ते चिडले, पाऊण तास गेला. इलेक्ट्रिशियनला मुख्य बोर्डात अर्थिंगची तार सुटलेली सापडली.

अँपच्या आतून घुं असेल तर. झाकण उघडू नका, प्लग काढून ठेवला असला तरी. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये बंद केल्यानंतरही वीज साठून राहते, ट्यूबच्या अँपमध्ये तर चारशे व्होल्टच्या पुढे. जळका वास, धूर, बंद केल्यावरही गरम राहणारा ट्रान्सफॉर्मर, पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज, यातलं काही दिसलं तर प्लग काढा आणि दुरुस्तीवाल्यांकडे न्या. फ्यूज मोठ्या अँपिअरचा घालून चालवायचा प्रयत्न करू नका.

अ‍ॅक्टिव्ह गिटारची बॅटरी नवी, केबल चांगली, जॅक घट्ट, तरी आवाज फाटतो, तर दोष आतल्या प्रीअँपमध्ये, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटमध्ये. ते बारीक काम आहे, इस्त्रीची उष्णता जरा जास्त झाली की सर्किटच्या पट्टीचा तांब्याचा थर उचकटतो. हे मी दुसऱ्यांकडून करून घेतो.

दुरुस्तीला देताना नुसतं "घुं येते" म्हणू नका, त्यांचा अर्धा दिवस वाचवा. मी एका चिठ्ठीवर लिहून ती अँपच्या हँडलला बांधतो: व्हॉल्यूम शून्य केल्यावर काय होतं, केबल काढल्यावर काय होतं, तारांना हात लावल्यावर वाढते की कमी होते, जाड घुं की पातळ भणभण, अँप चालू केल्याबरोबर येते की तापल्यावर. खाली कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या बोर्डावर झालं ते. आणि सोबत तीच केबल द्यायची जिच्यावर दोष दिसला.